शंभरपैकी एकशे साठ

आवाज आला की बटण दाबा. नाही आला तर काही करू नका.

खूण नाही, म्हणजे चूक नाही.

ते घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, त्याच्याकडे बघू नका.

एकशे साठ.

पहिलं बोलणं नवऱ्याचं. तो कान तपासतो. दिवसातून वीसदा म्हणतो. दुसरं बायकोचं. ती पुस्तकं छापायला जायच्या आधी त्यांतल्या चुका काढते. तिसरं समुपदेशक मॅडमचं, कोर्टाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीतलं. घटस्फोटाआधीची ही शेवटची बैठक. एकशे साठ ही बेरीज. मॅडमनी दोघांना चिठ्ठ्या दिल्या होत्या: बोलणं बंद पडलं, त्यात समोरच्याचा वाटा शंभरपैकी किती? दोघांनीही ऐंशी लिहिलं.

"वरचे साठ कोणाच्या पदरात घालू?" मॅडमनी विचारलं.

कोणी हसलं नाही.

"मला दुसऱ्या गावी नोकरी मिळाली," बायको म्हणाली. "पत्र याच्या ताटाशेजारी ठेवलं. यानं वाचलं, घडी घातली, जेवला. म्हटलं, चालतंय याला."

"मी म्हटलं होतं, नको जाऊस."

"कधी?"

"तू भांडी घासत होतीस तेव्हा."

"पाठमोरी? नळ चालू असताना?" ती त्याच्याकडे वळली. "तुझ्या पेशंटला ऐकू नाही आलं तर काय करतोस रे?"

"आवाज वाढवतो." तो म्हणाला, "आणि तुला शंका आली की समासात प्रश्नचिन्ह काढतेस ना? मला एक काढायचं होतंस."

"म्हणजे पहिल्यांदा मीच?"

"मग काय, दर वेळी मीच?"

"झालं, आलात मूळ पदावर." मॅडमनी फॉर्म पुढ्यात ओढला. "आणखी एक तारीख मागता येईल. दोघांपैकी एकानं म्हटलं तरी पुरे. मागू?"

बायको नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. त्यानं घसा खाकरला. ती किंचित पुढे सरकली. नुसतं खाकरणंच होतं ते. तो तिच्या बोटांकडे बघत होता. बोटं पर्सच्या पट्ट्यावर होती. हलली नाहीत.

मॅडमनी बराच वेळ वाट पाहिली. दाराबाहेर पुढचं जोडपं येऊन बसलं होतं. शेवटी त्यांनी लिहिलं: घटस्फोटाला दोघांचीही हरकत नाही.

लग्नाच्या पहिल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा तक्रार घेऊन आल्या होत्या, की तुम्ही दोघं दुपारभर बोलत बसता, आमचा डोळ्याला डोळा लागत नाही.