अंड्यांच्या ट्रेमधले स्क्रू

सासूबाईंना उघडी वस्तू बघवत नसे. किटलीला खोळ, फोनला खोळ, रेडिओला खोळ, आणि सगळ्या त्यांनी स्वतः विणलेल्या. त्या सकाळी सुनेचा लॅपटॉप टेबलावर चालू होता. त्याच्यावरही त्यांनी जाड लोकरीची खोळ चढवली. सून आंघोळ करून येईस्तोवर तो आतल्या आत तापून बंद पडला. बटण दाबलं की सुरू व्हायचा आणि जरा वेळाने पुन्हा मान टाकायचा.

अकराला सुनेची मुलाखत होती. कपड्यांचे नमुने बेतायची नोकरी, दुसऱ्या गावी, राहायला खोलीही कंपनीवालेच देणार. स्क्रीनवर त्यांच्यासमोर एक नमुना आखून दाखवायचा होता, आणि आखायचा प्रोग्रॅम फक्त याच लॅपटॉपवर होता. नवरा ‘बघू’ म्हणाला होता. सासूबाई काहीच बोलल्या नव्हत्या. आतल्या खोलीत सासरे अंथरुणाला खिळलेले. त्यांचं खाणंपिणं, धुणंपुसणं सगळं सूनच करायची. ती गेली तर कोण करणार, हे घरात कुणी तोंडावर आणलं नव्हतं.

धाकट्या दिराचं दुरुस्तीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. घरात त्याला इंजिनिअर म्हणत.

“भाऊजी, बघा ना जरा.”

“आधी घाम पुसा, वहिनी. पेशंट हा आहे, तुम्ही नाही.”

त्याने लॅपटॉप पालथा घातला, खालचं झाकण काढलं आणि स्क्रू अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये टाकले. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनचे स्क्रू त्या ट्रेमधल्या वेगवेगळ्या खळग्यांत असत.

“धरा हा ट्रे. पण जपून हं. दिसायला सगळे भाऊ-भाऊ, लांबी मात्र वेगळी. आखूडच्या जागी लांब बसला तर बोर्ड फोडतो, मशीन कायमचं गेलं. हे मिसळले तर मला दुकानाला टाळं लावावं लागेल.”

पंख्यात लोकरीचे तंतू अडकले होते. त्याने चिमट्याने ओढून काढले.

“आई, ही बघ तुझी माया. उद्या मलाही खोळ घालशील.”

“तुझं तोंड झाकलं तरी पुरे,” खुर्चीत विणत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

त्याने पंखा ब्रशने झाडला. मशीन सुरू केलं, पंखा भुर्रकन फिरला, स्क्रीनही आला. “झालंच, वहिनी. झाकण लावलं की तुमचं काम सुरू.”

सुनेच्या जिवात जीव आला. तेवढ्यात आतून सासऱ्यांची हाक आली.

“जा गं, चादर बदल. ओली असेल,” सासूबाई म्हणाल्या. “तो आहे ना इथे.”

ती परत आली तेव्हा लॅपटॉपचा दिवा लागलेला होता, पंखा फिरत होता, पण स्क्रीन काळाठिक्कर. आतून नुसतं टीं टीं वाजत होतं.

“आता हे काय?”

“मेमरीने दगा दिला वाटतं,” इंजिनिअर म्हणाला. त्याने बॅटरी काढून पुन्हा लावली. बटण दाबून धरलं. चार्जर बदलला, दुकानातला मोठा स्क्रीन जोडला. टीं टीं काही थांबेना. अकराला थोडाच वेळ उरला होता.

“मग दुसऱ्या मशीनची मेमरी लावा ना. एवढी पडलीत.”

“गिऱ्हाइकाचा माल आहे, वहिनी. उद्या तुम्ही शेजारणीचा नवरा मागाल.”

सासूबाई फसकन हसल्या. नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा होता. “अगं, करू दे की त्याला. तू अशी डोक्यावर बसलीस तर त्याचा हात कसा चालेल?”

तिने कंपनीत फोन करून थोडा वेळ मागितला. अकराला दिसला नाहीत तर पुढच्या उमेदवाराला घेऊ, असं उत्तर मिळालं. ती ट्रे मांडीवर घेऊन बसून राहिली. अकरा वाजले. मग तिचा फोन वाजला. कंपनीने पुढच्या उमेदवाराला घेतलं होतं. ती “बरं” एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

सासूबाईंनी सुया बाजूला ठेवल्या. लोकरीच्या टोपलीत हात घातला आणि गुंड्याखालून मेमरीची छोटी हिरवी पट्टी काढून मुलापुढे धरली.

“घे. बसव आता. मला बहिणीशी बोलायचंय. फोनवर तिचा चेहरा नीट दिसत नाही.”

इंजिनिअरने मान वर न करता पट्टी बसवली. टक् आवाज झाला. स्क्रीन उजळला. प्रोग्रॅम आपोआप पुन्हा उघडला आणि सरावासाठी सकाळी आखायला घेतलेली बाही तिच्यासमोर आली, अर्धवट.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो कपात बघत होता.

“तुम्हालाही माहीत होतं?”

“बाबांचं ते सगळं मला नाही गं जमत,” तो म्हणाला. “मला मळमळतं.”

“रडायचं असेल तर आत जाऊन रड,” सासूबाई म्हणाल्या. “गिऱ्हाइकं यायची वेळ झाली.”

“रडत नाहीये मी.”

तिने ट्रे दोन्ही हातांत धरला आणि सुपात धान्य पाखडावं तसा पाखडला. स्क्रू उडाले, खळखळ करत एकमेकांत मिसळले, काही फरशीवर गेले.

“वहिनी!” इंजिनिअर किंचाळला. “अहो, वेड लागलं का? आठ मशीन उघडी पडलीत!”

तिने ट्रे टेबलावर ठेवला. लॅपटॉपची लोकरीची खोळ तिथेच पडली होती. ती उचलून ट्रेवर नीट पसरली, कोपरे ओढून घेतले.

“झाकून ठेवते. उघडं बघवत नाही ना आईंना.”

आतून पुन्हा सासऱ्यांची हाक आली. तिघांनीही सवयीने तिच्याकडे पाहिलं.

गिऱ्हाइकांची खुर्ची ओढून ती बसली, आणि नवऱ्याला म्हणाली, “जा. ओली असेल.”