मापाचा ब्लाउज

हरिताने काय घालावं हे जिने तिला सांगितलं नाही, अशी बाई तंजावुरात शोधून सापडली नसती. अंग सडपातळ आणि छाती बेताची, एवढंच काय ते तिचं दुखणं. पण तेवढ्यावर सगळ्या गोतावळ्याला बोलायला विषय मिळाला होता. चंद्रमती अत्ते, म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण, म्हणायची की जाड काठाचं रेशीम नेस, घड्यांमुळे अंग भरल्यासारखं दिसतं. थोरली बहीण रम्या म्हणायची, भलतंच, जाड काठात तू उभीच्या उभी बुडतेस, जॉर्जेट नेस आणि पदर एकेरी सोड. कॉलेजातल्या सोबतिणी बोट नेक सुचवायच्या. मोबाइलवरची एक हसरी बाई सांगे की खोल गळा लहान छातीलाच शोभतो, आणि अंगठा जरा वर सरकवला की दुसरी हसरी बाई सांगे की खोल गळा लहान छातीला मुळीच शोभत नाही. दोघींच्याही ब्लाउजना झालर होती.

हरिता संख्याशास्त्र शिकवायची. परस्परविरोधी दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, हे ती वर्गात ठासून सांगे. पण आरशासमोर उभी राहिली की तिला स्वतःलाच ते पटेनासं व्हायचं. तिने सगळ्यांचं ऐकलं. छातीवर चुण्या घालून पाहिल्या, दुहेरी पट्टी लावली, प्रिन्सेस कट शिवला, आत स्पंजच्या वाट्या बसवल्या. मेलवीथीवरचा टेलर फिटिंगच्या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलायचा, त्यामुळे त्याचं नेमकं मत काय ते कधीच कळलं नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या! कपाट भरून वाहायला लागलं आणि सकाळी घालायला मात्र काही सापडत नसे.

या सगळ्या गोंधळात एकच बाई गप्प होती, ती तिची आई, भामा. भामा कधी शब्दाने बोलली नाही. फक्त हरिता बाहेर निघाली की दाराशी तिला थांबवायची आणि तिचा पदर किंवा ओढणी बोटभर पुढे ओढून सारखी करायची. चंद्रमती अत्तेचं तासभर बोलणं हरिता या कानाने ऐकून त्या कानाने सोडी, पण त्या बोटभर ओढण्याने तिचा दिवस नासायचा. आपल्यात काहीतरी उणं आहे आणि ते आपल्या आईलाही दिसतं, असं तिला वाटे. खरंच दिसतं का, हे विचारायची छाती मात्र तिला कधी झाली नाही.

म्हणून पापनाशमचा मुरली तिला पाहायला येणार ठरलं, तेव्हा तिने मनाशी एक गोष्ट पक्की केली. त्या दिवशी तिने कुणाचंच ऐकलं नाही. बंद गळ्याचा, कोपरापर्यंत बाह्यांचा, अंगाबरोबर शिवलेला साधा सुती ब्लाउज घातला. आत ना वाटी ना पट्टी. वर बारीक काठाची साडी. आरशात पाहिलं तर काय, बरी दिसत होती! चांगलीच बरी दिसत होती. इतकी वर्षं हे कुणी का सांगितलं नाही, याचाच तिला राग आला. मुरली आईवडिलांबरोबर आला, त्याने कॉफी घेतली, मुलं परीक्षेत कॉपी कशी करतात ते तिला विचारलं आणि पोट धरून हसला. आठवड्याच्या आत होकार आला. ज्याने पाहायचं त्याने पाहिलं, आता हा विषय संपला, असं हरिताने धरून टाकलं. पोरगी हुशार होती, पण घोडं कुठे पेंड खाईल हे हुशारीने थोडंच कळतं?

तंजावुरच्या या मराठी मंडळींत निश्चयतार्थ, म्हणजे आपला साखरपुडा, जरा निराळा होतो. मुलाकडचे साडी आणतात, ती ताटातून मुलीच्या हातात देतात, मुलगी आत जाऊन ती नेसून येते आणि मगच लग्नपत्रिका वाचली जाते. साडीबरोबरचा ब्लाउजही मुलाकडचेच शिवून आणतात. त्यासाठी मुलीच्या घरून तिचा एक नीट बसणारा ब्लाउज आधी पाठवायचा असतो. त्याला सगळे तमिळीतच अळवु ब्लाउज म्हणतात, म्हणजे मापाचा. दिलेल्या साडीवर दिलेलाच ब्लाउज घालायचा. आपला घातला तर तुमचं आम्हाला पसंत नाही असा त्याचा अर्थ होतो. माप पाठवायचं काम आईचं असतं, आणि भामाने ते न बोलता उरकलं होतं.

निश्चयतार्थाच्या दिवशी हॉलमधे नादस्वरम चालू होतं. हरिता ताट घेऊन आतल्या खोलीत आली. बरोबर आई, रम्या आणि चंद्रमती अत्ते. साडी डाळिंबी रंगाची होती, नजर ठरणार नाही अशी. ब्लाउजही त्याच रंगाचा. हरिताने तो घातला, हूक लावले आणि खाली पाहिलं.

ब्लाउज तिच्यापुढे दोन बोटं उभा होता. आत स्पंजच्या जाड वाट्या होत्या आणि वाट्यांच्या आत नुसती हवा. बगलेखाली मूठभर कापड लोंबत होतं.

"हे माझं माप नव्हे," हरिता म्हणाली.

चंद्रमती अत्तेने पुढे होऊन एका वाटीवर बोट दाबलं. वाटी आत गेली ती आतच राहिली.

हरिता त्या खळग्याकडे बघत राहिली. मापाचा ब्लाउज पाठवूनही त्यांनी असा शिवला, याचा अर्थ काय? मुलगी पसंत, पण एवढं सोडून? त्या दिवशी हसला तो मुरली खोटा की काय? की तो खरा आणि त्याची आई निराळी? बाहेर जाऊन बसायचं ते कोण म्हणून बसायचं, मी म्हणून की या ब्लाउजातली बाई म्हणून? तिला रडू येत होतं आणि आपण कुणावर रडतो आहोत हे मात्र ठरत नव्हतं.

"दोन रुमाल घाल आंत," चंद्रमती अत्ते म्हणाली. "बेस दिसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. लौकर कर, राहुकाळ लागेल."

"रुमाल नोको. मी हे घालून येत नाहीं बाहेर."

"मग काय घालून येत्येस? त्यांचा नाहीं घातला तर काय मणतील?"

तेवढ्यात ताटाखालच्या पिशवीत रम्याचा हात गेला. मापाचा ब्लाउज परत करायची रीत असते, तो त्या पिशवीत घडी घालून ठेवला होता. रम्याने तो बाहेर काढला आणि ओरडली, "हा माझा! दीपावळीपासून शोधत्यें मी हा. अस्की, सगळंच्या सगळं कपाट उलथं केलं!"

पोपटी रंगाचा ब्लाउज, पाठीला मोराची बुट्टी. शंकेला जागाच नव्हती. रम्या चांगली भरल्या अंगाची, एका पोराची आई. तिचा ब्लाउज हरिताच्या नावाने पापनाशमला जाऊन आला होता. हरिताने आईकडे पाहिलं. भामा साडीच्या निऱ्या करत होती. घातलेली निरी मोडत होती आणि पुन्हा तीच घालत होती.

"आई, तू पाठवलास?"

भामाने निरी पुन्हा मोडली. हरिताला वाटलं होतं की आपल्याला राग येईल. राग आलाच नाही. इतकी वर्षं विचारायची हिंमत झाली नव्हती त्या प्रश्नाचं उत्तर न विचारताच मिळालं होतं, आणि ते इतकं साधं पोपटी रंगाचं होतं की त्याचं काय करावं हेच तिला समजेना.

दार वाजलं. मुरलीची आई विशालाक्षी आत आली, उंचीने ठेंगणी आणि हातात भलीमोठी पर्स. तिने हरिताकडे एकदा पाहिलं, रम्याच्या हातातल्या ब्लाउजकडे एकदा पाहिलं आणि दार आतून लावून घेतलं.

"नाहीं बसलं कां, कण्णा?" ती लहान बाळाला म्हणावं तशी म्हणाली. "मला तेव्हांच कळेना. पाहिलेली मुलगी एक, आणि माप आलं तें भलतंच. आमच्या टेलरनं दोनदां फोन केला. मी मणाल्यें, मुलीच्या मनांत असं दिसायचं असेल तर आपण कोण नोको मणणार? मणून वाट्या घाल मणाल्यें. पण कच्च्या टाक्यांनीच लाव मणून सांगटलं." तिने पर्स उघडली. आत डाळिंबी दोऱ्याचं रीळ होतं आणि त्यात खोचलेली सुई. "बस, मी टाके घालत्यें."

म्हणजे सगळ्यांना सगळं दिसत होतं आणि प्रत्येकीने दुसरीचं मन राखायला तोंड मिटून घेतलं होतं. लाजेचा असा व्यवहार फक्त आपल्या बायकांनाच जमतो!

विशालाक्षी सुईत दोरा ओवायला लागली तशी भामा उठली. "ती सुई मला द्या, विहिणबाई," ती म्हणाली. "माझी चूक. मीच शिवत्यें."

अंगावरचा कपडा शिवायचा म्हटलं की चंद्रमती अत्ते सावध झाली. अंगावर शिवणं अशुभ, म्हणून जिच्या अंगावर शिवायचं तिने दातांत काहीतरी धरून गप्प बसायचं असतं. अत्तेने दोऱ्याचा एक तुकडा तोडून हरिताच्या दातांत दिला. भामाने वाट्यांचे टाके उसवले, वाट्या ओढून काढल्या आणि मागे न बघता मागे दिल्या. त्या अत्तेच्या हातात आल्या. अत्ते त्या घेऊन खोलीभर फिरली, ठेवायला जागा सापडेना, शेवटी तिने त्या तांबूल वाटायच्या पिशवीत नारळावर ठेवल्या.

भामाने बगलेखालचं जादा कापड चिमटीत धरलं, हरिताच्या अंगाशी नीट लावून पाहिलं आणि पहिला टाका घातला. आईचा हात असा आपल्या अंगाला लागून किती वर्षं झाली, ते हरिताला आठवेना.

"बोलूं नोको," भामा हळूच म्हणाली. "दोरा आहे तोंडांत."

हरिताने मान हलवली.

"माझ्या लग्नाचा फोटो आहे बघ हॉलमधे. काय भरलेली दिसत्ये भामा, मणतात अस्की. आंत दोन रुमाल होते. तुझ्या आजीनं घातले. मी तुझ्यासारखीच होत्यें. पुढं पोरं झालीं, अंग सुटलं, तेव्हां गेले ते रुमाल." टाका, आणखी एक टाका. "तुला पाहयाला आले तेव्हां तू तशीच गेलीस बाहेर. आणि त्यांनीं हो मटलं. मला आनंद व्हायचा तर भीति वाटली, हरिता. मला पण तसंच घेतलं असतं कां, हें मला आतां कधीं कळायचं नाहीं. कळ्ळं कां? मणून रम्याचा पाठवला. काय मनांत होतं माझ्या, माझं मलाच समजत नाहीं."

विशालाक्षी भिंतीकडे तोंड करून उगाच पर्समधे काहीतरी शोधत होती. हरिताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण दातांतला दोरा तिने सोडला नाही. भामाने दुसरी बाजू शिवली, वाकून दोरा दातांनी तोडला आणि क्षणभर कपाळ तिथेच टेकलं.

"आतां बोल," ती म्हणाली.

हरिताने दोरा काढला. "अप्पांना विचार ना," ती म्हणाली.

"काय?"

"तसंच घेतलं असतं कां मणून."

"चल, वेडी कुठली!" भामा लाजून लाल झाली. तिने साडी नेसवली. दाराशी तिचा हात सवयीने पदराकडे गेला, तिथे घुटमळला आणि मग तिने तो मागे घेतला.

ब्लाउज आता अंगाबरोबर बसला होता. हरिता बाहेर येऊन पाटावर बसली. समोर मुरली होता, तिला पाहून त्याच्या चेहऱ्यावर आलेलं हसू त्याला लपवता येत नव्हतं. पण हरिताचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. गुरुजी पत्रिका वाचत होते, गोत्र आणि आजोबा-पणजोबांची नावं चालू होती, आणि पहिल्या रांगेत भामा हरिताच्या वडिलांच्या, बाळकृष्णरावांच्या, कानाशी लागून काहीतरी विचारत होती. बाळकृष्णरावांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी बायकोकडे पाहिलं, विचार केला, पुन्हा पाहिलं. माणूस खरोखरच बुचकळ्यात पडला होता.

"रुमाल?" ते मोठ्याने म्हणाले. "कुठले रुमाल?"

गुरुजी थांबले. अख्खा हॉल त्यांच्याकडे बघायला लागला. विशालाक्षीच्या नवऱ्याने भला माणूस म्हणून खिशातला स्वतःचा रुमाल काढून पुढे केला. बाळकृष्णरावांनी तो घेतला, त्याचं काय करायचं ते न कळून हातात धरून बसले आणि बायकोला पुन्हा विचारलं, "अगे, कुठले रुमाल?"

भामा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने तो रुमाल त्यांच्या हातातून घेतला आणि डोळ्यांना लावला.