गरम इंजिन

आठवड्यात बघितलेली ही सहावी जुनी मोटरसायकल. आज दिवसभर चालून चालून पायांचे तुकडे पडले होते.

"पंधरा दिवस हात लावलेला नाही गाडीला," मालक म्हणाला. "तरी एका किकमध्ये सुरू होते बघा."

झालीही. पण त्याआधी मी इंजिनाला बोट लावलं, तर चटका बसला. थंड असताना ते दगा देत असणार, म्हणून पठ्ठ्याने मी यायच्या आधीच तापवून ठेवलं होतं.

चांगलं सुनावावं असं वाटलं. पण सकाळीच मी माझी खटारा गाडी विकली होती, तीही अशीच अर्धा तास तापवून.

"इंजिनावरून ओला फडका फिरवायचा राहिला तुमचा," एवढंच म्हणालो आणि बसस्टॉपकडे निघालो.