कुसळाची सब्बल

मोरोपंत वकील म्हटलं की अकोल्यात लोक आधी माझ्या इंग्रजीचं नाव काढत, आणि मला त्याचा माज होता. म्हणूनच तेल्हाऱ्याकडचे खुशालराव आणि त्यांची बायको मैनाबाई सरकारी औजार-प्रदर्शनाचा अर्ज लिहून घ्यायला माझ्याच ओसरीवर आले.

खुशालरावांनी पुढे ठेवली ती टोकाशी पिळलेली लोखंडी सब्बल, म्हणजे पहार. साधी सब्बल उन्हाळ्यात काळ्या मातीवर नुसती उसळते. ही दाबून फिरवली की खांबाचा खड्डा निम्म्या वेळात होई. ही अक्कल कुठून आली, मी विचारलं.

मैनाबाईनं लुगड्याला अडकलेलं गवताचं कुसळ उपटलं, थुंकी लावून तळहातावर ठेवलं. जरा वेळानं त्याची पिळदार शेपटी आपोआप फिरू लागली.

"ओल लागली का असंच फिरते अन् मातीत घुसते, वकीलसायेब. दोन वर्सं झाले, मी हेच पाहून राहिली. समदं गाव मले येडी म्हन्ते. सरकारनं हो म्हटलं तं तोंडं बंद होतीन त्यायची."

मला हसू आलं. सरकारी अर्जात गवत आणि थुंकी लिहायची? मी झोकात इंग्रजीत लिहिलं, 'विलायती यंत्रांची चित्रे बारकाईने अभ्यासून अर्जदाराने हे औजार घडविले आहे.' त्यांना वाचून दाखवायची गरजही मला वाटली नाही.

अर्जाबरोबर सब्बलही पाठवली, आणि महिन्याभरानं उत्तर आलं. औजार उत्तम चालते. परंतु प्रदर्शन इथल्या लोकांच्या स्वतःच्या कल्पनांसाठी आहे, विलायती नकला घेता येत नाहीत.

दोघं समोर बसलेले. अजून चार दिवसांची मुदत होती, अर्ज सुधारता आला असता. पण त्यासाठी माझी चूक कबूल करावी लागली असती, तीही एका कुणब्याच्या बायकोपुढे. आज सांगतानाही स्वतःची किळस येते.

"साहेबांना औजार पसंत पडलं नाही," मी म्हणालो.

"काहून? काय खोट निंगाली?" मैनाबाईनं विचारलं.

"मातीत चालत नाही म्हणे."

तिनं तो इंग्रजी कागद हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"चाला," ती नवऱ्याला म्हणाली. "लोकायचंच खरं व्हतं."

उठताना तिनं मला हात जोडले. "तुमी लय मेहनत घेतली आमच्यासाठी," ती म्हणाली, आणि मी मान डोलावली.