घड्याळावरचा अंगठा

“सिस्टर, थांबा. लिहू नका अजून.”

वेळा टिपायला बसलेल्या, दवाखान्यातल्या सिस्टरचं पेन कागदाला टेकता टेकता राहिलं. “का हो सर? दोन पॉइंट एक सेकंद म्हणालात ना? शिडीचे दोन पॉइंट दोन. तुमचीच लेक पुढे आहे की.”

सर म्हणजे कुठल्या शाळेतले सर नव्हेत. हा गृहस्थ दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात मुलींना सॉफ्टबॉल शिकवायचा. तीन वर्षं घरोघरी हिंडून, आयांच्या विनवण्या करून, बापांची बोलणी खाऊन त्याने संघ उभा केला होता. उद्या सकाळी हा संघ पहिल्यांदाच परगावच्या मोठ्या स्पर्धेला निघणार होता. अकरा जणी ठरल्या होत्या. बारावी जागा कॅचरची, म्हणजे बॅटवालीच्या मागे बसून चेंडू झेलणारीची, आणि तिच्यासाठी दोघी: एक त्याची स्वतःची मुलगी, दुसरी सहा महिन्यांपूर्वी आलेली, ताडमाड वाढलेली, म्हणून सगळ्यांची ‘शिडी’.

लेकीला घेतलं की लोक नावं ठेवणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून नियम त्यानेच केला होता: तोंड बघून निवड नाही, घड्याळ बघून. कॅचरने चेंडू झेलला की घड्याळ सुरू. तिथून तिने तो समोर लांबवरच्या सेकंड बेसकडे फेकायचा, आणि तिथल्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये पडला की घड्याळ बंद. फक्त ते घड्याळ बापाच्या हातात नको, एवढी अक्कल कुणालाच सुचली नव्हती. त्यालाही नाही.

आणि आत्ता, लेकीच्या थ्रोला, चेंडू पोचायच्या आधीच त्याचा अंगठा दाबला गेला होता. मुद्दाम? छे. पण अंगठ्याला कशाची घाई झाली, हे काय त्याला कळत नव्हतं? पारड्याला बोट लावणाऱ्या दुकानदारांना आजवर यानेच झापलं होतं.

कुंपणाशी आईबाप ताटकळले होते. भाचीला रोज दोन बस बदलून आणणारी शिडीची मावशी खाली वाकून पिशवी आवरायला लागली होती. तक्रार नाही, चकार शब्द नाही. तेच त्याला सोसेना. गप्प बसला असता, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

“माझं चुकलं,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “घड्याळ मी आधी थांबवलं. दोघींचा पुन्हा एकेक थ्रो. घड्याळ सिस्टर धरतील.”

“बाबा!” लेक एवढंच म्हणाली.

आधी शिडी. चेंडू सणसणत गेला. “दोन पॉइंट दोन,” सिस्टर म्हणाल्या. मग लेक. तिने चेंडू झेलला, उठली, हात मागे नेला. बापाने डोळे मिटून घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच घड्याळ चुकावं असं त्याला मनापासून वाटलं. पण सिस्टर रोज वॉर्डात नाड्या मोजणाऱ्या. त्यांचा हात कशाला चुकतोय!

“दोन पॉइंट तीन.” सिस्टरचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी कागदावर शिडीचं नाव लिहिलं.

कुंपणाशी कुणी टाळी वाजवली नाही. लेक त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

“मला ऐकू आलं होतं,” ती हळूच म्हणाली. “बटण आधी वाजलं. चेंडू नंतर पोचला.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला जायचं होतं ना, बाबा.”

तिच्या डोक्यावर हात ठेवायला तो पुढे झाला, तशी ती बाजूला सरकली. पायांना बांधलेले पॅड सोडवत ती शिडीपाशी गेली. संघाकडे ती एकच जोडी होती. तिने शिडीला खाली बसवलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून तिच्या पायांना पॅड बांधायला घेतले.

“हा पट्टा घट्ट ओढायचा,” ती शिडीला म्हणाली, “नाहीतर पळताना सरकतो.”