मुहूर्ताची बादली

“हितं सही करा, मावशी. येवढी एकच.” मॅनेजर विजयसिंहसाहेबांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला.

शालूबाईंनी पदराला हात पुसले. एकोणीस वर्षं लोखंड ओतायच्या साच्यांसाठी वाळू थापून ती नखांत कायमची बसली होती. नवरा गेल्यावर याच फाउंड्रीच्या जिवावर त्यांनी दोन पोरी उजवल्या होत्या. कागदावर एकेक शब्दाखाली बोट धरून त्या वाचू लागल्या. कामगार गुंडू याने निष्काळजीपणे ओले भंगार भट्टीत ओतले, त्यामुळे स्फोट झाला. साक्षीदार, शालूबाई.

“गुंडू आन् निष्काळजी? अवो साहेब, त्यो बादली चाचपल्याबिगर कधी वतायचा न्हाय.”

“मावशी, ऐका. सोमवारी आपला शेअर छोट्या कंपन्यांच्या यादीतनं निघून मुंबईच्या मोठ्या बाजारात जातोय. चार वर्षं झटलोय त्यासाठी. स्फोट कशानं झाला, ते बाजाराला कळवायला लागतंय. मालकाच्या पोरानं केला, असं कळवू काय? सगळं जागच्या जागी थांबंल की.”

शालूबाईंचं बोट गुंडूच्या नावाखालीच थांबलं होतं.

शिरोलीच्या त्या फाउंड्रीत दर अमावास्येला भट्टीची पूजा त्याच करायच्या. हळदीला हात लागला की आरती होईपर्यंत मौन, हा सासूबाईंनी घालून दिलेला नेम. आणि पूजा कोरडी. हळद, कुंकू, सुकं खोबरं, बस्स. लोखंडाच्या रसाखाली पाणी गेलं की त्याची वाफ होऊन सगळा रस अंगावर येतो, हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक असतं.

गेल्या अमावास्येला शेअरबाजाराची मंजुरी हातात पडली होती. मालकांचा मुलगा राजवीर पुण्याहून फोटोवाला घेऊन आला आणि त्याने पाण्याने भरलेला नारळ भंगाराच्या बादलीच्या काठावरच फोडला. पाणी पाइपांच्या तुकड्यांत उतरताना शालूबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी जोरजोरात हात हलवला. राजवीरला वाटलं, बाजूला सरका म्हणतायत. तो हसून सरकला. शब्द ओठांपर्यंत आला होता. पण आरती व्हायची होती.

“आरं, मुहूर्त टळतोय! वता की लवकर!” कुणीतरी ओरडलं. मागच्या शेडमधून गुंडू धावत आला आणि चाचपायला न थांबता त्याने बादली भट्टीत रिकामी केली.

शालूबाईंचं मौन मोडलं ते किंकाळीने.

“मावशी?” साहेबांनी पेन पुढे केलं.

“दुसरं लिवा, साहेब. राजवीरदादानं नारळ फोडला, पाणी आत गेलं, शालूबाईनं बघितलं आन् तोंड उघडलं न्हाय. त्येच्याखाली सही देतो.”

“खुळ्या झालाय काय? सवताला कशाला गोवताय? पूजेत मौन पाळणं गुन्हा हाय व्हय?”

“त्ये अंबाबाई ठरवंल. पर गुन्हा गुंडूचा न्हाय.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “साक्षीदार काय, दुसरा बी मिळतोय. उद्यापासनं तुमी येऊ नका.”

सोमवारी शेअर मोठ्या बाजारात गेला. गेटवर पेढे वाटले. कागदावर सही कुणा दुसऱ्याचीच होती.

त्या वेळी शालूबाई सरकारी दवाखान्यात भाजलेल्यांच्या वॉर्डाबाहेर उभ्या होत्या. बाकावर गुंडूची बायको अनुजा बसली होती. आठ दिवसांत तिचे डोळे खोल गेले होते.

“डॉक्टर म्हणत्यात, रात निघंल का सांगता येत न्हाय.” तिने वर पाहिलं. “मावशी, साहेब आलते. चूक ह्येंचीच, म्हणालं. खरं काय वो?”

“न्हाय ग बाई.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. नारळ सांगितला, हात हलवला ते सांगितलं, आणि तिथेच थांबता आलं असतं. त्या थांबल्या नाहीत. “पाणी म्हणायचं हुतं निस्तं. माझ्या नेमासाठी तेवढं बी म्हणलो न्हाय मी.”

अनुजा रडली नाही, की शिवी दिली नाही. मग तिने तोंड वॉर्डाच्या दाराकडे फिरवलं.

बाकावर तिच्या शेजारी जागा होती. शालूबाई दिवस मावळेपर्यंत भिंतीशी उभ्याच राहिल्या.