नुसतं सोडायचं

तेजू, तुझ्या ओठाखाली जी बारीक पांढरी रेघ आहे ना, ती झोपाळ्यावरून पडल्याची नाही. कागलच्या घरी तुला तसंच सांगतील. डॉक्टरांनाही तिथल्या आजीनं तसंच सांगितलं होतं. खरं असं की तुझ्या बाबांचा हात माझ्या तोंडाकडं आला, तू माझ्या कडेवर होतीस, मी मान वळवली आणि तो हात तुला लागला. त्यांच्या बोटात अंगठी होती. तू रडलीसुद्धा नाहीस. रक्त गिळत माझ्याकडं बघत राहिलीस, जणू तुझ्याकडूनच काहीतरी चुकून सांडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या गाडीतून मी तुला घेऊन कोडोलीला माहेरी आले.

माझ्या मनगटाचं तर तू सगळ्यांना सांगत फिरतेस. "आईच्या हातात लोखंड हाय." मी कामाला जाते त्या विज्ञान केंद्रातला लोहचुंबक आणून माझ्या हाताला लावून बघतेस आणि चिकटत नाही म्हणून रुसतेस. चिकटणार नाही गं बाळा, हाड जोडायला आत बसवलेली ती पट्टी वेगळ्या धातूची असते. पण ती पट्टी बसवायची वेळ का आली ते ऐक. न्हाणीच्या दाराच्या फटीत माझा हात धरून त्यांनी दार लावून घेतलं होतं. मी आतून म्हणत होते, "सोडा. अहो, सोडा." ते बाहेरून एकदम हळू आवाजात म्हणाले, "आपण सोडत नसतो."

हळू आवाज. एवढं मात्र लक्षात ठेव. आपल्याकडं ओरडणं म्हणजे नुसतं बोलणं. आजोबा मीठ मागतात तेही शेजारच्या घरात ऐकू जातं. तुझे बाबा ओरडायचे तेव्हा मी खुशाल भाकरी थापत बसायची. त्यांचा आवाज खाली आला की मी आधी तवा उतरवायची, मग तुला दुसऱ्या खोलीत ठेवायची.

आता त्या शनिवारचं सांगते. लोक ते तुला वेगळं सांगतील, म्हणून.

अंगणवाडीला सुट्टी होती, म्हणून मी तुला केंद्रात घेऊन आले होते. तुला तिथं फार आवडायचं. बाकी जगात सगळीकडं 'हात लावू नका' आणि आमच्याकडं प्रत्येक वस्तूवर 'हात लावून बघा'. वाकडे आरसे, कप्प्यांची दोरी, खिळ्यांची खाट. आणि मधल्या मोठ्या दालनात छतापासून तारेनं टांगलेला लोखंडी गोळा, भरल्या घागरीएवढा जड. माझी नेमणूक त्या गोळ्यापाशी. भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, गोळा हनुवटीपर्यंत ओढून आणायचा आणि सोडायचा. तो पार पलीकडं जातो, परत सुसाट तोंडावर येतो, आणि हनुवटीच्या किंचित अलीकडं थांबून माघारी फिरतो. जिथून सोडला त्याच्या पुढं तो येऊच शकत नाही. पण ढकलला, तर मात्र येतो. जेवढा ढकलला तेवढा पुढं येतो.

तुला माझं सगळं बोलणं पाठ झालं होतं. बाहुलीला भिंतीशी उभं करून माझ्याच आवाजात तू सांगायचीस, "पाठ टेका. गोळा हनुवटीला लावा. ढकलू नका. नुसतं सोडा. हलू नका."

आपल्या लोकांना हे जमत नाही बघ. हलू नका म्हटलं तर दगडासारखे उभे राहतील, त्यात कमीपणा नाही. पण नुसतं सोडा म्हटलं की तोंड वाकडं. "एवढंच व्हय? ताई, जरा जोर लावू की!" दिवसातून एकजण तरी ढकलतोच. म्हणून मी कायम बाजूला उभी असायची, ढकलणाऱ्याला दंडाला धरून ओढून काढायला.

त्या दिवशी एका शाळेच्या मुली आल्या होत्या. ओळीनं फरशीवर बसल्या होत्या. मी सांगायला सुरुवात केली आणि दारातून भाऊसोंचा आवाज आला. भाऊसो म्हणजे आमचे राखणदार, तू आलीस की तुला खिशातल्या फुटाण्यांतले निवडून सोललेले देणारे.

"या की पावणं! लेकीला भेटाय आलासा? आत हाय बघा."

दारात तुझा बाप म्हणून सांगितलं असणार, बिचाऱ्यांना बाकीचं काय ठाऊक. मी केंद्रात कुणालाच काही बोलले नव्हते.

तुझे बाबा आत आले. जोतिबाला जाऊन आले होते. कपाळावर, सदऱ्यावर गुलाल, हातात डोंगरावरची पिपाणी. तू "बाबाऽ" करून पळत सुटलीस. पळणारच. तुला खांद्यावर बसवून ते सगळ्या गल्लीतून मिरवायचे, तेही खरंच होतं. त्यांनी तुला उचललं, पिपाणी तोंडात दिली आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले,

"गाडी बाहेर हाय. तुझा दीर ऋतुराज बसलाय चालू करून. पोरगी आमच्या घरची हाय, घिऊन चाललोय."

"तिला खाली ठेवा."

"आवाज करू नगंस. इथंच झोपवीन."

मी दाराकडं धावले. "भाऊसो, जाळी लावा! कुलूप घाला!"

"अवो ताई, बाप हाय न्हवं त्यो?"

"लावा म्हणते ना!"

तेवढ्यात त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. कडेवर तू, तोंडात पिपाणी, आणि त्याच हिसक्यात त्यांनी मला लाथ घातली. मी जाऊन खिळ्यांच्या खाटेच्या कडेवर आदळले. दंड फाटला. खाटेवर सगळ्या अंगानं झोपलं तर काही होत नाही, हे मी रोज शंभर जणांना सांगते. एकटा दंड त्या कडेच्या खिळ्यांवर पडला की काय होतं ते तेव्हा कळलं. मुली किंचाळायला लागल्या. "ताईंना मारलं! ताईंना मारलं!"

भाऊसोंना तेव्हा समजलं. खाडकन दाराची लोखंडी जाळी ओढली, कुलूप घातलं आणि चावी शर्टाच्या आत टाकली.

"उघड, म्हाताऱ्या."

"पोलिसास्नी फोन लावतोय. त्यांनाच उघडतो."

तुझे बाबा जाळीशी उभे राहिले. मागं सगळ्या मुली आणि त्यांचे मास्तर. एवढ्या लोकांत कोंडून पडणं त्यांना मारापेक्षा वाईट. ते वळले आणि हसले. "काय न्हाय गं पोरींनो, घरातलं हाय, घरातलं." कुणी हसलं नाही.

आणि तेव्हा तू पिपाणी काढलीस आणि म्हणालीस, "बाबा, गोळा! तुम्ही गोळ्याला भेतासा?"

"मी?" ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ह्या लोटक्याला?"

ते भिंतीशी जाऊन उभे राहिले. डाव्या हातावर तू. उजव्या हातानं गोळा तारेसकट ओढून त्यांनी हनुवटीला लावला. तुझं डोकं त्यांच्या खांद्यावर, गोळ्याच्या अगदी शेजारी. मला ठाऊक होतं, हा माणूस ढकलणार.

दंडातून रक्त गळत होतं तशी मी पुढं गेले. "तिला खाली ठेवा. मग काय करायचं ते करा. ढकलू नका. नुसतं सोडा."

"मला शिकवतीस?" पुन्हा तो हळू आवाज. "सोडायचं काम आपलं न्हवं."

आणि पूर्ण दंडाच्या ताकदीनं त्यांनी गोळा ढकलला.

तार कुरकुरली. गोळा कधी जात नव्हता तेवढा वर गेला, पलीकडच्या खिडकीपर्यंत. मी तुझ्या कमरेला हात घातला. त्यांनी तुला आवळून धरलं. तू कळवळलीस. मी ओढत होते, ते मागं भिंतीत रुतत होते, आणि हसत माझ्याकडंच बघत होते. गोळ्याकडं नाही. माझं तोंड बघण्यात त्यांना जास्त गंमत होती.

"सोडा! अहो, सोडा! लागंल तिला!"

लग्नापासून मी हेच म्हणत आले होते. केस धरले की सोडा, गळा धरला की सोडा, दारात हात चेमटला तेव्हा सोडा. अहो, जाहो, सोडा हो. गोळा खिडकीशी क्षणभर थांबला आणि परत निघाला. पलीकडून एक मुलगी ओरडली, "आलाऽऽ!"

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "सोड! सोड तिला, धैर्या!"

तेजू, त्या एका शब्दानं जे झालं ते लाथेनं झालं नसतं. तुझ्या बापाला जन्मात कुठल्या बाईनं असं एकेरी हाक मारून हुकूम सोडला नव्हता. आईसुद्धा त्याला धैर्यशीलराव म्हणायची. त्याचं तोंड उघडं पडलं. हसू तिथंच राहिलं आणि डोळे वटारले. मी त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी दात रोवले. बोटं सुटेपर्यंत रोवले, हाड लागेपर्यंत. तू सुटलीस आणि आपण दोघी खाली कोसळलो. मी तुझं डोकं पोटाखाली घेतलं.

ओला नारळ पायरीवर फुटतो तसा आवाज आला.

वर बघितलं तर तो भिंतीला टेकून सावकाश खाली येत होता. नाक होतं तिथं नाक नव्हतं. पुढचे दात फरशीवर, मुलींच्या ओळीपर्यंत गेलेले. कपाळावरचा गुलाल ओला होऊन गळ्यात उतरला. गुलाल कुठला आणि रक्त कुठलं ते सांगता येईना. गोळा मात्र जात राहिला, येत राहिला, दर फेरीला फरशीवर लाल थेंबांची एक ओळ टाकत. भाऊसोंनी शेवटी त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून थांबवला.

तरीही त्यानं हात पुढं केला. बोलता येत नव्हतं, दिसत नव्हतं, पण फरशी चाचपत त्यानं माझा घोटा शोधून काढला आणि धरला. मी दुसऱ्या पायानं त्याच्या मनगटावर लाथा घातल्या. एक, आणखी एक. तू माझ्या पोटाखालून बघत होतीस. मला तुझे डोळे झाकायचे होते, पण हात मोकळा नव्हता. भाऊसो गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "पावणं, आता तरी सोडा की वो," आणि एकेक बोट उचलून माझा पाय सोडवला. गाडीतला ऋतुराज पोलिसांची गाडी बघून केव्हाच पसार झाला होता.

चौकीत संध्याकाळी कागलहून आजी आली, बायडाबाई. मुलगा दवाखान्यात, जबडा तारेनं बांधलेला. मला वाटलं, ती माझ्या झिंज्या धरणार. ती बाकावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि फौजदार बाईसाहेबांना म्हणाली, "दात पडलं ते पडलं. बसिवता येतील. पर चार लोकांत हिनं नवऱ्याला 'सोड' म्हटलं? धैर्या म्हटलं? अशा बाईकडं आमची पोर ठेवायची व्हय?"

बाईसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. "म्हटलं?"

"म्हटलं," मी म्हणाले.

"हिनंच गोळा मारला त्याला," आजी म्हणाली. "नोकरीच ती हाय तिची. पोरगी आज माझ्यासंगं यील."

केंद्रातला कॅमेरा त्या दालनाकडं नव्हताच. मुलींना मास्तरांनी घाबरून बसमध्ये घालून नेलं होतं, आणि भाऊसो आमच्याच केंद्राचे म्हणून त्यांची साक्ष आजी मानेना. बाईसाहेब खुर्ची ओढून तुझ्यासमोर बसल्या. "बाळ, गोळा कुणी मारला?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी काही बोलले नाही. बोलले असते तर शिकवलं म्हणाले असते. तू उठलीस. चौकीच्या भिंतीला पाठ टेकलीस. दोन्ही हात हनुवटीशी नेलेस.

"पाठ टेका. गोळा हनुवटीला लावा. ढकलू नका. नुसतं सोडा. हलू नका." मग हात खाली केलेस. "ताई सांगत हुती. बाबांनी ढकलला. ताईनं मला वढलं."

"ताई कोण?"

"आई," तू म्हणालीस, "पण गोळ्यापाशी ताई."

बाईसाहेब थोडा वेळ तुझ्या ओठाखालच्या रेघेकडं बघत राहिल्या. मग उठल्या. "पोरगी आईबरोबर जाईल. पुढचं कोर्ट बघंल. आजी, तुमची तक्रार पण लिहून घेते. 'सोड' म्हणाली म्हणून. कुठलं कलम लावायचं तेवढं सांगा."

कोडोलीच्या शेवटच्या गाडीत आपल्याला खिडकीजवळची जागा मिळाली. माझा दंड बांधलेला, तू मांडीवर उलटी बसलेली, तोंड माझ्याकडं. मग म्हणालीस,

"आई, तू बाबांना चावलीस?"

"व्हय."

"कसं लागलं?"

"खारट."

तू विचार केलास. "माझं पण खारट हुतं," म्हणालीस, आणि रेघेवरून जीभ फिरवलीस.

मी बाहेर बघायला लागले. तू माझ्या गळ्यात दोन्ही हात घातलेस, आणि आवळलेस. आधी बरं वाटलं. मग श्वास अडायला लागला. तुझ्या एवढ्याशा हातांत एवढा जोर कुठून आला, ते मला ठाऊक होतं.

"तेजू, सोड गं जरा. गळा आवळतोय."

तू माझ्या कानाशी तोंड आणलंस. एकदम हळू म्हणालीस, "आपण सोडत नसतो."

गाडीत एवढी गर्दी, एवढा गोंगाट, आणि मला तो हळू आवाज तेवढा ऐकू आला. तू बघत होतीस, मी काय करते ते. तुझा हात हिसडणं सोपं होतं. मी हिसडला नाही. बांधलेल्या हातानं तुझी पाठ थोपटत राहिले.

"पाठ टेका," मी म्हणाले.

पकड तशीच.

"ढकलू नका."

मानेवर तुझं नाक घासलं. मग, आधी करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट.

"नुसतं..." मी म्हणाले.

"सोडा," तू म्हणालीस, आणि हात सैल केलेस. पण काढून घेतले नाहीस. तशीच झोपलीस.